हरवलेल्या बालपणाचे साहित्य

'आमच्या लहानपणी' या शब्दांनी सुरू होणारे लेखन अलीकडे उदंड झाले आहे. दिवाळी अंक, शाळांच्या स्मरणिका, पॅरिशची वार्षिके, कुठेही पाहा, त्याचा साचा ठरलेला. आरंभी विहीर, चिंचा, विटीदांडू आणि कंदिलाच्या उजेडातला अभ्यास; मग एकाएकी मोबाईलमध्ये मान घालून बसलेले आजचे मूल; आणि शेवटी एक दीर्घ सुस्कारा. या लेखनामागची तळमळ खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु साहित्य म्हणून ते कसाला उतरते काय, हे पाहणे अगत्याचे आहे.

मराठीतील बालपणाची अस्सल चित्रणे शेजारी ठेवली म्हणजे या साच्यातले उणेपण ध्यानात येते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी गांजलेले घर आणि खेळण्याच्या वयात झालेले लग्न, असे ते बालपण. बाई ते हसत हसत सांगतात. मात्र त्या दिवसांना सोनेरी मुलामा देत नाहीत. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' १९३५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात कोकणाची हिरवाई आहे, तशीच सावकाराच्या कर्जाची नामुष्की आणि आईचा मृत्यूही आहे. पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीचा मार देऊन विहिरीकडे धाडते. आजचा स्मरणरंजनकार विहीर तेवढी उचलतो. शिंपटी आणि भीती मागे ठेवतो.

मग पूर्वीच्या आणि आजच्या बालपणात खरा भेद कोणता? सुखाचा नव्हे, असे आम्हांस वाटते. भेद आहे तो नजरेचा आणि रिकाम्या वेळेचा. पूर्वीचे मूल दिवेलागणीपर्यंत घराबाहेर असे. पण कोणत्या झाडावर चढले, कोणाच्या वाडीत शिरले, याची खबर त्याच्याआधी घरी पोहोचत असे. आजचे मूल आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसलेले असते आणि ते कोठे आहे हे आपल्याला ठाऊक नसते. तेथे त्याला कोणी हसते आहे, धमकावते आहे की भुलवते आहे, हे सांगणारा शेजारी नाही. दुसरे असे की, पूर्वीच्या मुलाला कंटाळा येत असे. लांबलेल्या दुपारी काहीच घडत नसे, आणि त्या न घडण्यातून खेळ, गोष्ट, खोडी जन्माला येई. आज कंटाळा उगवण्याआधीच पडदा उजळतो. हे साधन मुलांनी चोरून आणलेले नाही, हेही विसरता कामा नये. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा 'फोनवर अभ्यास कर' असे आपणच सांगितले. पुढे तोच फोन हाती दिसला की रागे भरणारेही आपणच.

हा गुंता आमच्या लेखकांच्या लेखनात कोठे उतरलेला दिसतो? फारच क्वचित. आजचे मूल तेथे येते ते आरोपी म्हणून. त्याचा एकटेपणा, आपल्या चित्राला कोणी दाद दिली नाही म्हणून रात्री न लागलेली झोप, मित्रांच्या समूहातून वगळले गेल्याची जखम, यांना शब्द मिळत नाहीत. असे शब्द कसे मिळवावेत याचा वस्तुपाठ प्रकाश नारायण संतांनी १९९४ च्या 'वनवास'मध्ये घालून दिला आहे. त्यातला लंपन आईवडिलांपासून दूर, आजीच्या गावी वाढतो. काळ जुना आहे, मोबाईलचे नावही नाही. तरी आजचा एकलकोंडा मुलगा त्याच्यात स्वतःला ओळखील, कारण संत मुलाविषयी बोलत नाहीत. मुलाच्या तोंडून बोलतात. जे लंपनला नीटसे कळलेले नसते तेच वाचकाच्या काळजाला भिडते. श्यामची गोष्ट प्रौढ श्याम सांगतो, म्हणून प्रत्येक प्रसंगामागे बोध उभा राहतो. लंपनपाशी बोध नाही, अनुभव आहे.

आमच्या लेखक-लेखिकांकडे आमचे मागणे एवढेच आहे. आपल्या आठवणी अवश्य लिहाव्यात, पण शिंपटीसकट लिहाव्यात. आणि एखादी कथा तरी त्या पडद्यासमोर बसलेल्या मुलाच्या आतून लिहावी. त्यासाठी आधी त्याच्याजवळ बसून, न रागावता, तो काय पाहतो आहे हे विचारावे लागेल. उद्या हीच मुले वाचक होऊन आमचे अंक उघडतील, तेव्हा त्यांत त्यांना केवळ आपल्या चुकांची यादी सापडली, तर ती ते अंक मिटून ठेवतील; आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला उरणार नाही.