श्वास मोजणारे मणी

नुसत्या खोकल्यावरून न्यूमोनिया ओळखता येत नाही. श्वास मोजावे लागतात. त्यासाठी गडचिरोलीच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी निरक्षर सुईणीलाही वापरता येईल असे साधन तयार केले : एका मिनिटाची वाळूघटिका आणि मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६०, त्यापुढे वर्षापर्यंत ५० श्वास भरले, की न्यूमोनियाचा संशय घ्यायचा.

साधन आम्हांला उत्तम वाटते, पण पुरेसे नाही. रडत्या बाळाचा आकडा फसवतो. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे, बाळाने दूध सोडणे, ही गंभीर लक्षणे मणी दाखवत नाहीत. उचगावसारख्या (जि. कोल्हापूर) गावच्या शाळेत घड्याळ व मणी घेऊन मोजणी शिकवावी, सोबत ही लक्षणेही शिकवावीत.