कारखानदार चेंबरलेन आणि त्याचे चरित्रकार

जोसेफ चेंबरलेनच्या चरित्रात बर्मिंगहॅमच्या पर्वाला सामान्यतः प्रस्तावनेचेच स्थान मिळते. आयर्लंडचे स्वराज्य, बोअर युद्ध, जकातीचा वाद या प्रकरणांकडे जाण्याची चरित्रकाराला घाई असते, आणि स्क्रूचा कारखाना केवळ नायकाच्या संपत्तीचा खुलासा म्हणून उरतो. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात गार्विनने या वर्षांना पुष्कळ पाने दिली हे खरे. परंतु त्याची दृष्टी भावी मुत्सद्द्यावरच खिळलेली आहे. पीटर मार्शच्या १९९४ मधील चरित्राने ‘राजकारणातील उद्योजक’ ही ओळख शीर्षकातच करून दिली व कारखान्याला या कर्तृत्वाच्या मुळाशी नेऊन बसविले. ही दुरुस्ती आवश्यक होती. ती कोठवर पुरते, हे मात्र नगरपालिकेच्या कारभारावरच ताडून पाहिले पाहिजे.

चेंबरलेन १८५४ साली, अठराव्या वर्षी, लंडनहून बर्मिंगहॅमला आला. त्याच्या आतेचे यजमान नेटलफोल्ड यांनी टोकदार स्क्रू बनविणाऱ्या यंत्राचे अमेरिकन पेटंट मिळविले होते, आणि त्यात वडिलांचे भांडवल गुंतले होते. हिशेब व विक्री या बाजू त्याने सांभाळल्या. मोठे यंत्र, मोठे उत्पादन आणि विखुरलेल्या स्पर्धेचा अंत, ही त्या धंद्याची रीत. लहान उत्पादक त्यात भरडले गेले, असा आरोप विरोधकांनी पुढे केलाच. १८७४ साली त्याने धंदा सोडला तेव्हा तो महापौर होऊन काही महिने लोटले होते.

नगरपालिकेने १८७५ मध्ये दोन गॅस कंपन्या सुमारे २० लाख पौंडांना विकत घेतल्या, त्यामागे हीच रीत दिसते. दोहोंचे एकीकरण करावयाचे आणि नफा शहराच्या तिजोरीत आणावयाचा. येथे मार्शचा दृष्टिकोन चपखल बसतो. परंतु पाणीपुरवठा ताब्यात घेताना त्याच चेंबरलेनने नफ्याची कल्पना नाकारली. बचत झालीच तर ती दर उतरविण्यासाठी वापरावी, असा त्याचा आग्रह होता. हा हिशेब कारखान्यातला नव्हे. त्याचा उगम जॉर्ज डॉसन व आर. डब्ल्यू. डेल या धर्मोपदेशकांच्या व्यासपीठांवर शोधावा लागतो. नगराचा कारभार हे नैतिक कर्तव्य आहे, ही शिकवण चेंबरलेनच्या पिढीला तेथूनच मिळाली.

खरी अडचण आहे ती कॉर्पोरेशन स्ट्रीटची. १८७५ च्या कायद्याचा आधार घेऊन शहराच्या मध्यभागातील गलिच्छ वस्ती संपादन करण्यात आली आणि १८७८ पासून तेथे रुंद रस्ता होऊ लागला. जमीन ७५ वर्षांच्या पट्ट्याने दिल्यामुळे मुदतीनंतर ती नगराकडेच परतावयाची होती. योजना दूरदर्शी खरी. पण रस्त्याच्या दुतर्फा उभी राहिली ती दुकाने आणि कचेऱ्या. घरे पडली ते लोक जवळच्या दाट वस्तीत दाटीवाटीने शिरले. हे ढोंग होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. घरे बांधण्याचे काम कायद्याने मुख्यतः खाजगी बांधकामदारांवर सोपविले होते, आणि मध्यवर्ती जमिनीच्या भावात मजुरांची घरे परवडणारी नव्हती. तरीही पाण्याला लावलेली कसोटी घरांना का लावली नाही, हा प्रश्न शिल्लक राहतो. आणि चरित्रकार रस्त्याचे वर्णन करून तो ओलांडून जातात. याच घराण्यातील दुसरा जॉन सटन नेटलफोल्ड १९०१ मध्ये बर्मिंगहॅमच्या गृहसमितीचा अध्यक्ष झाला, तेव्हा त्याने सरसकट पाडापाडीऐवजी मालकांकडून घरांची दुरुस्ती करवून घेण्यावर भर दिला.