‘उपेक्षित’ म्हणजे नक्की काय? रोरी गॅलाहरची कारकीर्द तपासताना

कलावंतावर संशोधन करायचं ठरलं की सिनॉप्सिसच्या पहिल्या पानावर एक शब्द हमखास येतो: ‘उपेक्षित’. अमुक गायक उपेक्षित, तमुक लेखिका उपेक्षित, म्हणून हे संशोधन गरजेचं. मग मुलाखतीत समितीतलं कुणीतरी शांतपणे विचारतं, ‘उपेक्षा कुणी केली? कधी? कशावरून म्हणता?’ इथे बरेच जण अडखळतात. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून आज हा शब्द एका खऱ्या कारकिर्दीला लावून बघू.

कारकीर्द आहे आयर्लंडच्या रोरी गॅलाहरची. ब्लूज-रॉकचा गिटारवादक आणि गायक. ब्लूज-रॉक म्हणजे काय, तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज गाण्यांचा साचा घ्यायचा आणि तो इलेक्ट्रिक गिटारवर, मोठ्या आवाजात, लांब सोलो घेत वाजवायचा. रोरीचा जन्म १९४८ चा, डोनेगल परगण्यातल्या बॅलीशॅनन गावचा. वाढला तो कॉर्क शहरात. १९६३ मध्ये, पंधरा वर्षांचा असताना, त्याने कॉर्कच्या एका दुकानातून सुमारे १०० पौंडांची जुनी फेंडर स्ट्रॅटोकास्टर हप्त्यांवर घेतली. हीच गिटार त्याने शेवटपर्यंत वाजवली. आधी नाचगाण्यांच्या शो-बँडमध्ये, मग १९६६ पासून स्वतःच्या ‘टेस्ट’ या बँडमध्ये आणि १९७१ पासून स्वतःच्या नावाने. १९९५ मध्ये, यकृत प्रत्यारोपणानंतर झालेल्या जंतुसंसर्गाने, ४७ व्या वर्षी तो लंडनमध्ये गेला.

त्याच्यावर लिहिलेलं काहीही उघडा, सूर एकच असतो: मोठा कलावंत, पण जगाने दखल घेतली नाही. आता पुरावा बघा. १९७२ चा ‘लाइव्ह इन युरोप’ हा अल्बम ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहांत होता. त्याच सुमारास ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकाच्या वाचकांनी त्याला सर्वोत्तम गिटारवादक निवडलं. मडी वॉटर्सने लंडनमध्ये रेकॉर्डिंग केलं तेव्हा साथीला रोरी होता. बॅलीशॅननमध्ये त्याचा पुतळा आहे, २०२५ मध्ये बेलफास्टच्या अल्स्टर हॉलबाहेरही एक उभा राहिला. ती हप्त्यांवरची गिटार २०२४ मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ७ लाख पौंडांना गेली आणि विकत घेणाऱ्या कंपनीने ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देऊन टाकली. एवढं सगळं वाट्याला आलेला माणूस उपेक्षित कसा?

तर मग हा शब्द कुठून आला? मला वाटतं, तो दोन गोष्टींवर उभा आहे: दंतकथा आणि चुकीची फूटपट्टी. दोन्ही वेगवेगळ्या तपासू, कारण दोघींना लागणारी पद्धत वेगळी आहे.

आधी दंतकथा. जिमी हेंड्रिक्सला कुणीतरी विचारलं म्हणे, की जगातला सर्वश्रेष्ठ गिटारवादक असणं कसं वाटतं, आणि त्याने उत्तर दिलं की ते रोरीला विचारा. छान आहे किस्सा. पण हाच किस्सा फिल केगी या अमेरिकन गिटारवादकाबद्दलही सांगतात, ‘शिकागो’ बँडच्या टेरी कॅथबद्दलही, आणि ‘झीझी टॉप’च्या बिली गिबन्सबद्दलही. सांगणारे मुलाखतीची तारीख, वर्तमानपत्र, वाहिनी यांतलं काही देत नाहीत. एकच वाक्य चार माणसांना चिकटतं तेव्हा ते त्या माणसांविषयी फारसं सांगत नाही. सांगणाऱ्या चाहत्यांना काय हवंय ते मात्र नेमकं सांगतं. म्हणून असं वाक्य प्रबंधात घ्यायचं तर ‘रोरीच्या गुणवत्तेचा पुरावा’ म्हणून घेऊ नका, ‘रोरीची प्रतिमा कशी घडली’ या प्रकरणात घ्या. तिथे ते खरोखर कामाचं आहे.

दुसरी दंतकथा जरा अवघड, कारण तिच्यात तथ्य आहे. ‘रोरीने रोलिंग स्टोन्सना नकार दिला.’ डिसेंबर १९७४ मध्ये मिक टेलर त्या बँडमधून बाहेर पडला. जानेवारी १९७५ मध्ये रोरी रॉटरडॅमला जाऊन त्यांच्याबरोबर काही दिवस वाजवून आला आणि तिथून आधीच ठरलेल्या जपान दौऱ्यावर निघून गेला. घडलं ते एवढं. ‘नकार दिला’ या शब्दांत दोन गोष्टी आपण आपल्या पदरच्या घालतो: स्पष्ट देकार आणि स्पष्ट उत्तर. बघा, गेला, वाजवलं, परतला ही झाली घटना. नकार हा झाला अर्थ. दोन्ही लिहा, पण एका वाक्यात कालवू नका.

आता फूटपट्टीकडे येऊ. मला हा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. रोरीला सिंगल म्हणजे एकेकट्या गाण्याची तबकडी काढण्याचा तिटकारा होता. हिट गाणं नाही, म्हणून तो मागे पडला, असं मोजमाप केलं जातं. पण त्याचं काम घडत होतं ते मंचावर. मैफलीतला ख्याल आणि तीन मिनिटांच्या तबकडीवरचा ख्याल यांची तुलना आपण तबकडीच्या खपावरून करत नाही. तसंच हे.

मंचावर काय घडत होतं, हे ऐकून तपासता येतं. ‘अ मिलियन माइल्स अवे’ हे गाणं १९७३ च्या ‘टॅटू’ अल्बममध्ये सुमारे ७ मिनिटांचं आहे. जानेवारी १९७४ मध्ये बेलफास्ट, डब्लिन आणि कॉर्क इथे झालेल्या कार्यक्रमांवरून ‘आयरिश टूर ’७४’ हा अल्बम तयार झाला. त्यात हेच गाणं ९ मिनिटांच्या वर जातं. ‘वॉक ऑन हॉट कोल्स’ स्टुडिओत ७ मिनिटांचं, मंचावर ११ मिनिटांचं. शब्द जवळपास तेवढेच. वाढलेला वेळ गिटारचा आणि बँडचा आहे. पण नुसतं लांबवणं कुणीही करेल. रोरीचं वेगळेपण हे, की तो लांबवताना आवाज खाली आणतो, एकेक सूर सुटा ठेवतो, बँडलाही थोपवतो, आणि मग टप्प्याटप्प्याने परत चढतो. स्टुडिओतल्या आवृत्तीत हे गाणं उदास आहे. मंचावर ती उदासी वाट पाहायला लावते. माझ्या मते त्याचं सर्वांत चांगलं काम या दहा-अकरा मिनिटांत आहे.

हे मान्य केलं तर उलट बाजूही मान्य करायला हवी. त्याचे बरेचसे स्टुडिओ अल्बम मंचावरच्या कामाच्या तुलनेत कमी पडतात. गाणी चांगली आहेत. ‘फिल्बी’सारखं, ब्रिटिश गुप्तहेर किम फिल्बीवरचं गाणं कल्पनेनेच वेगळं आहे. पण अनेक गाणी ऐकताना वाटतं, अजून खुलायची आहेत. हे त्याला स्वतःलाही जाणवत असावं. १९७७ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत निर्माता एलियट मेझरबरोबर त्याने अख्खा अल्बम रेकॉर्ड केला, तो रद्द केला, पियानोसह चौघांचा बँड मोडला आणि तिघांच्या बँडवर परतला. त्यातली काही गाणी १९७८ च्या ‘फोटो-फिनिश’मध्ये नव्याने वाजवली. रद्द झालेला अल्बम २०११ मध्ये ‘नोट्स फ्रॉम सॅन फ्रान्सिस्को’ नावाने बाहेर आला. म्हणजे ‘ओव्हरनाइट बॅग’ हे गाणं आज दोन्ही रूपांत ऐकता येतं. कलावंताने टाकून दिलेलं आणि ठेवलेलं शेजारी-शेजारी मिळणं संशोधकाच्या नशिबात फार वेळा येत नाही. मला तिघांचं रूप जास्त चपळ वाटतं. तुम्ही ऐका आणि कारण देऊन माझ्याशी भांडा.

एक खबरदारी. मंचावरचं रेकॉर्डिंग म्हणजे ‘जसं घडलं तसं’ असं समजू नका. ‘आयरिश टूर ’७४’ हीसुद्धा निवड आहे. अनेक रात्रींमधून काही गाणी उचललेली. २०१४ मध्ये त्या दौऱ्याची बरीच मूळ रेकॉर्डिंग एका मोठ्या संचात प्रसिद्ध झाली. आता एकच गाणं तीन शहरांत कसं वाजलं ते पडताळता येतं. आपलं साधन कुणीतरी आधीच गाळलेलं असतं, आणि गाळणी कुठली हे विचारणं आपलं काम.

बेलफास्टचंही तसंच. १९७० च्या दशकातल्या हिंसाचारात बाहेरचे अनेक बँड ते शहर टाळत. रोरी येत राहिला. हे तथ्य आहे आणि मोठं आहे. पण इथून पुढे ‘त्याच्या संगीताने दोन्ही समाज जोडले’ असं लिहिलंत तर तुम्ही परिणामाचा दावा करताय. त्यासाठी त्या काळची स्थानिक वर्तमानपत्रं हवीत, प्रेक्षकांच्या आठवणी हव्यात, दोन्ही बाजूंच्या. नुसतं भारावून जाऊन तो दावा सिद्ध होत नाही.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं? ‘रोरी गॅलाहर उपेक्षित आहे’ याऐवजी असं लिहून बघा: ‘१९७३ ते १९७५ या काळात मंचावरच्या सादरीकरणात रोरी गॅलाहरच्या गाण्यांची रचना कशी बदलते?’ या प्रश्नाला काळ आहे, साधनं आहेत, आणि उत्तर चुकीचं ठरण्याची शक्यताही आहे. ती शक्यता नसेल तर तो संशोधन प्रश्न नव्हे, गौरवग्रंथाची प्रस्तावना.

तुमचा कलावंत दुसरा असेल: कीर्तनकार, शाहीर, ऑर्केस्ट्रातला ॲकॉर्डियनवादक. या आठवड्यात त्याच्या एकाच रचनेची दोन रेकॉर्डिंग शोधा. घड्याळ समोर ठेवा, दर अर्ध्या मिनिटाला काय घडतं ते दोन रकान्यांत लिहा. कुठे वाढलं, कुठे गाळलं, आवाज कुठे खाली आला. दोन पानं भरली की ‘उपेक्षित’ हा शब्द खोडून बघा. त्याच्या जागी काय लिहायचं, ते त्या दोन रकान्यांत सापडेल.