कोल्हापुरी उलटी करून पाहा

कोल्हापुरी घेताना गिऱ्हाईक ती वरून पाहतं. पट्टा, वेणी, गोंडा, रंग बरा वाटला की पायात घालून दोन पावलं टाकायची आणि भाव करायला बसायचं. चप्पल उलटी पडली की घरात भांडणं होतात असं आपल्याकडे म्हणतात. तिची खालची बाजू कुणी न्याहाळत नाही ते कदाचित त्यामुळेही असेल. पण या चपलेचा कस लागतो तो तळाला आणि कडेला. तेव्हा कोल्हापूरच्या चप्पल लाईन बाजारातल्या दुकानात जोड हातात आला की भांडणाची भीती सोडा आणि तो आधी पालथा करा.

अस्सल जोडाच्या तळाला कडेकडेनं वादीचे टाके दिसतील. वादी म्हणजे चामड्याचीच कापलेली, ओली करून पीळ दिलेली बारीक पट्टी. सुताचा दोरा नाही, खिळा नाही. ओलसर तळाला आरीनं भोक पाडायचं आणि त्यातून वादी ओवून खेचायची. आरी चामडं काढून टाकत नाही, त्याचे तंतू नुसते बाजूला सारते. त्यामुळे तळ सुकताना ते तंतू पुन्हा जवळ येतात आणि भोक वादीला आवळून धरतं. टाका पक्का होतो तो असा. शिवाय धागा आणि तळ एकाच जातीचे असल्यामुळे ओल लागली तर दोघं मिळून फुगतात आणि मिळूनच आटतात. हे टाके सारखे नसतात. टाचेशी दाट, चवड्याकडे वळताना थोडे तिरके, एखादा चुकार. यंत्राच्या शिलाईला सरावलेल्या डोळ्याला तो दोष वाटतो. मला विचाराल तर त्या तिरकेपणातच कारागिराचा हात वळलेला दिसतो, आणि तो बघायला मिळावा म्हणूनच चप्पल पालथी करायची.

आता कड पाहा. दोन-तीन थर एकावर एक बसवून तळ तयार होतो, टाचेला थर जास्त. कापण्याआधी चामडं भिजवून ऐरणीवर किंवा दगडी फरशीवर ठोकून काढतात. तंतू दबून घट्ट बसतात, आणि मग रापी चालवली की काप स्वच्छ येतो. रापी हे या कामातलं मुख्य हत्यार: रुंद धारेचं चपटं लोखंडी पातं, मुठीत मावणारं. तळाचा आकार कापायचा तिनंच, पट्ट्याची कड तासून पातळ करायची तिनंच, वाद्या सोलायच्या त्याही तिनंच. कडेचा रंग आतपर्यंत तपकिरी असेल तर चामडं झाडाच्या सालीवर कमावलेलं आहे. वरून तपकिरी आणि कापात मध्यभागी निळसर-करडी रेघ दिसली, तर ते क्रोमच्या क्षारांवर कमावलेलं. दुकानदार काहीही सांगो, कड खोटं बोलत नाही.

या तपकिरीसाठी काही आठवडे खर्ची पडतात. कातडं आधी चुन्याच्या पाण्यात मुरतं, मग केस निघतात, आतली बाजू खरवडून काढतात, चुना धुऊन टाकतात. पुढची रीत बघण्यासारखी आहे. कातड्याच्या कडा शिवून त्याची पिशवी करायची, ती टांगायची आणि तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचं पाणी भरायचं. पाणी कातड्यातून झिरपून खाली ठिबकतं. ते गोळा करायचं, पुन्हा वर ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे वरचं टोक कच्चं राहत नाही. सालीतलं टॅनिन तंतूंना जाऊन बसतं आणि कातड्याचं चामडं होतं. बाभळीमुळे लालसर झाक येते, हिरड्यामुळे पिवळसर. क्रोमचं काम दिवसा-दोन दिवसांत उरकतं आणि चामडं मऊ निघतं, पण ते दाबलं तरी पुन्हा पहिल्यासारखं होतं. सालीचं चामडं दाब लक्षात ठेवतं. म्हणूनच जुन्या कोल्हापुरीवर पाच बोटांच्या पाच खळ्या पडलेल्या असतात आणि ती दुसऱ्याच्या पायाला कधीच नीट बसत नाही. नवी चप्पल चावते तीही याच गुणापायी. तेल चोळून, थोडी थोडी वापरून ती पायात रुळवावी लागते.

कातडी कमावणारे ढोर समाजाचे आणि चपला बांधणारे चर्मकार समाजाचे, अशी ही जुनी विभागणी. ज्यांच्या हातचं मिरवलं त्यांना मात्र गावानं वेशीबाहेर ठेवलं. चपलेचं कौतुक करताना हे गाळून पुढे जाणं मला जमत नाही.

वरच्या बाजूचे अलंकार आता बघू, कारण त्यांतले बहुतेक फुकटचे नाहीत. कान म्हणजे दोन्ही अंगांना उठलेल्या पाकळ्या. त्यांची मुळं तळाच्या थरांमध्ये दाबून शिवलेली असतात आणि पायावरचा पट्टा सगळा भार त्यांच्यावर टाकतो. अंगठ्याची गोल पट्टी पाऊल पुढे सरकू देत नाही. या चपलेला मागे बंद नाही, त्यामुळे चालताना ती धरून ठेवण्याचं काम अंगठाच करतो. वेणी शेळीच्या पातळ चामड्याची, आणि ती विणायचं बारीक काम बहुतेक बायकांच्या हातचं. नुसती सपाट पट्टी पावलावर एकाच कडेनं रुतते, वेणी मात्र पाऊल वळेल तशी वळते आणि ताण वाटून घेते. गोंड्याचा असा काही उपयोग मला सापडलेला नाही. तो ऐटीसाठी. ऐटीचा दुसरा प्रकार कानानं ओळखायचा: तळात ‘विंचू’ म्हणतात ती आवाज करणारी वस्तू बसवून घेतली की चप्पल करकर वाजते आणि माणूस दिसायच्या आधी त्याची चाल ऐकू येते. ज्याला हे भडक वाटतं त्यानं साधा जोड घ्यावा. कागल तालुक्यातल्या कापशी गावावरून नाव पडलेला कापशी हाही एक घाट आहे.

कोल्हापुरी फक्त कोल्हापुरात होते हा समज मात्र सोडायला हवा. २०१९ साली जाहीर झालेलं भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांचं आहे: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे, कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. बेळगावकडच्या अथणी, निपाणीतल्या कारागिरांचे हात यात जुने आहेत. सीमेवरून दोन राज्यांत कितीही वाद असो, चप्पल दोघांची आहे. कच्च्या मालाची ओढाताण मात्र खरी. महाराष्ट्रात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, म्हशीच्या कातड्यावर भिस्त वाढली आणि बरंचसं चामडं आता चेन्नई, कोलकात्याहून येतं.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन मंचावर ‘प्राडा’ या इटालियन कंपनीनं याच घाटाची चप्पल दाखवली, कोल्हापूरचं नाव न घेता. इकडे गदारोळ झाल्यावर कंपनीनं भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. श्रेयाचा तो राग रास्तच होता. पण फोटो पाहताना माझ्या मनात वेगळंच येत होतं. उचलली गेली ती रूपरेषा, म्हणजे अंगठा, पट्टा, वेणी. वरून दिसतं तेवढं. आपल्याकडे रस्त्यावर रेक्झिनची, डिंकानं चिकटवून चुका ठोकलेली ‘कोल्हापुरी’ विकली जाते, तीही वरूनच पाहून केलेली. आपण स्वस्तातली ती खुशाल घेतो, तेव्हा गदारोळ होत नाही.

तर जोड घ्याल तेव्हा टाके बघा, कड बघा, नाकाशी धरा. सालीच्या चामड्याचा वास एकदा कळला की विसरत नाही. अंगठ्यात जरा घट्टच घ्या, वापरून सैल होते. आणि कोल्हापूरच्या पावसात ती घालून हिंडू नका.