‘व्हायग्रा टू थ्रॉटल’: एका यमकाची तपासणी

‘एट अवर्स, बॉटल टू थ्रॉटल’ हे वाक्य अमेरिकेत विमान चालवायला शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडतं. म्हणजे शेवटच्या घोटापासून उड्डाणापर्यंत किमान ८ तास. (आपल्याकडे डीजीसीएची अट १२ तासांची आहे.) मार्च १९९८ मध्ये तिथे व्हायग्राला मंजुरी मिळाली. एफएएच्या वैद्यकीय विभागाने सल्ला दिला की गोळी घेतल्यावर ६ तास उडू नका. मग काय, नवी म्हण आयतीच तयार झाली: ‘सिक्स अवर्स, व्हायग्रा टू थ्रॉटल’. पाठोपाठ कॉकपिटमधल्या दांड्यावरचे विनोद आले. ते सांगत बसत नाही, तुम्हाला एव्हाना सुचले असतील.

आता हे यमक एखाद्या पेपरमधलं विधान असल्यासारखं वाचा. ६ तास नेमके कशासाठी?

ऐकणाऱ्याला जे वाटतं, त्यासाठी नाही. कारण डोळ्यात आहे. व्हायग्रातलं सिल्डेनाफिल पीडीई-५ हे एन्झाइम अडवतं. त्याचं भावंड पीडीई-६ आपल्या दृष्टिपटलात असतं आणि थोडंफार तेही अडतं. त्यामुळे काहींना सगळं निळसर दिसतं, निळ्या-हिरव्यातला फरक पुसट होतो. विमानतळावर टॅक्सीवेच्या कडेचे दिवे निळे आणि मधल्या रेषेचे हिरवे असतात. रात्रीच्या वेळी ही गफलत परवडणारी नाही. यमकात डोळ्याचा उल्लेखसुद्धा नाही.

दुसरी अडचण आकड्याची. सिल्डेनाफिलचं अर्धायुष्य साधारण ४ तास. ६ तास म्हणजे दीड अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं साधारण ३५ टक्के औषध शिल्लक. टाडालाफिलचं अर्धायुष्य १७.५ तास, तेच ६ तास लावले तर ७९ टक्के शिल्लक! कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः करून बघा. दारूचं गणित तर तिसरंच. ती बहुतांशी ठरावीक वेगाने उतरते, त्यामुळे किती प्यायलात यावर सगळं अवलंबून. म्हणून तिथल्या नियमात तासांसोबत रक्तातल्या ०.०४ टक्क्यांची मर्यादाही आहे. तीन रेणू, तीन गणितं, आणि चाल एकच.

अर्थात, शिल्लक औषध म्हणजे तेवढाच परिणाम असं धरू नका. टाडालाफिल पीडीई-६ला फारच कमी अडवतं. पण रक्तदाब दोन्ही उतरवतात. एफएएने टाडालाफिलसाठी वेगळी, लांब मुदत ठेवली. तिचं यमक मात्र कुणी केलेलं माझ्या ऐकण्यात नाही.

या विनोदाचा एक चुलतभाऊही आहे. २००७ मध्ये अर्जेंटिनाच्या अगोस्तिनो, प्लानो आणि गोलोम्बेक यांना विमानविद्येचं इग नोबेल मिळालं: सिल्डेनाफिल दिलेले हॅमस्टर जेटलॅगमधून लवकर सावरतात. लगेच ‘वैमानिकांनो, ऐकलंत का!’ सुरू. पेपर मात्र गंभीर आहे आणि मला तो आवडतो. मेंदूतलं घड्याळ पुढे सरकवण्यात सीजीएमपी या रेणूचा वाटा असतो, तो टिकवून धरला तर काय होतं, हा त्यातला प्रश्न. परिणाम दिसला तो फक्त घड्याळ पुढे करताना, म्हणजे पूर्वेकडच्या प्रवासासारख्या स्थितीत. मुंबईहून टोकियोला जाणाऱ्याने आशा धरावी, लंडनवाल्याला काही नाही. आणि तीही हॅमस्टर असेल तर.

हसू नका, असं मी म्हणत नाही. पण विनोद होतात म्हणून प्रश्न विचारला जात नाही, हे मला खटकतं. वैमानिकाचा परवाना वैद्यकीय तपासणीवर टिकून असतो. तपासणाऱ्या डॉक्टरपुढे हा विषय काढायला तो आधीच कचरतो, त्यात सहकाऱ्यांचं हसणं. मग गोळी गुपचूप घेतली जाते आणि तास मोजले जातात यमकातले. शिवाय ही तक्रार कधीकधी हृदयाच्या धमन्या अरुंद होत असल्याची पहिली खूण असते. ती डॉक्टरच्या कानावर गेली, तर ईसीजीच्या पुढच्या तपासण्यांचा विचार तरी होतो.