पाकक्रियेचा पाठ आणि अदबीची आज्ञा

परकी भाषा शिकविणाऱ्या पुस्तकांत स्वयंपाकघराचा एक पाठ हटकून असतो. स्पॅनिश भाषेच्या क्रमिक पुस्तकांत तर या पाठास एक ठराविक वळण पडून गेलें आहे. आरंभीं भाजीपाला, फळफळावळ व भांडींकुंडीं यांच्या शब्दांची यादी. तिच्यापुढें आज्ञार्थाचीं आदरार्थी रूपें दाखविणारा तक्ता. आणि शेवटीं या दोहोंची सांगड घालणारी एखादी पाकक्रिया. बटाटे सोला, कांदा चिरा, अंडीं फेंटा, मीठ घाला. कीं पाठ संपला. या पाठाच्या गुणदोषांचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. कारण परभाषा शिकणें म्हणजे काय, या प्रश्नाचें पुष्कळसें उत्तर या क्षुल्लक दिसणाऱ्या पाठांतच सांपडतें, असें आम्हांस वाटतें.

प्रथम गुणांकडे पाहूं. स्पॅनिशमधील आदरार्थी आज्ञा बनविण्याची रीत नवशिक्यास उफराटी वाटते. ज्या धातूच्या अंतीं ‘आर’ त्यास ‘ए’ लागतो, व ज्याच्या अंतीं ‘एर’ किंवा ‘ईर’ त्यास ‘आ’. ‘कोर्तार’ म्हणजे चिरणें, पण ‘चिरा’ म्हणावयाचें तर ‘कोर्ते’. ‘बातीर’ म्हणजे फेंटणें, पण ‘फेंटा’ म्हणावयाचें तर ‘बाता’. त्यांत पुन्हां ‘पोनेर’चें ‘पोंगा’ होतें, तें निराळेंच. सर्वनामाचीही अशीच गंमत आहे. लसूण घालावयाची असेल तर ‘आन्यादालो’, म्हणजे ‘ती घाला’. घालावयाची नसेल तर ‘नो लो आन्यादा’. होकारांत सर्वनाम क्रियापदाच्या शेपटीस चिकटतें, नकारांत तें पुढें येऊन उभें राहतें. कोरड्या तक्त्यांत हें सारें ध्यानांत राहत नाहीं. पाकक्रियेंत मात्र तेच दहाबारा धातु पुन्हां पुन्हां येतात, आणि कृतीचा क्रम ठाऊक असल्यामुळें पुढच्या शब्दाचा अंदाज बांधतां येतो. तेव्हां पाठाची योजना मुळांत चांगली आहे.

आमच्या विद्यार्थ्यांस तर एक सवलत अधिक आहे, ती पुस्तकें सांगत नाहींत. ‘पिकार’ म्हणजे बारीक चिरणें. त्याचें आज्ञार्थी रूप ‘पिके’. रोमन लिपींत येथें एक अक्षर बदलून दोन घालावीं लागतात, आणि त्या बदलाचा स्वतंत्र नियम विद्यार्थ्याकडून घोकून घेतला जातो. देवनागरींत लिहून पाहिलें तर क तो कच राहतो! अडचण भाषेची नसून लिपीची होती, हें एका ओळींत कळून येतें.

आतां दोष. पहिला दोष असा कीं, पाठ रूप देतो, पण त्याचें कारण देत नाहीं. वस्तुतः हें रूप आज्ञेचें नव्हेच. इच्छा दर्शविणारें रूप आज्ञेच्या कामीं उसनें घेतलेलें आहे. ज्याला उद्देशून तें योजावयाचें तें ‘उस्तेद’ हें सर्वनाम ‘व्वेस्त्रा मेर्सेद’, म्हणजे ‘आपली कृपा’, या संबोधनाचा झिजून झिजून उरलेला अवशेष होय. म्हणूनच त्याच्यापुढें क्रियापद तृतीय पुरुषीं येतें. हें समजण्यास मराठी वाचकानें इंग्रजीच्या आडवाटेनें कां जावें? ‘आपण बसावें’, ‘महाराजांनीं यावें’ हे प्रयोग त्याच्या कानांत लहानपणापासून आहेत. आमच्या जुन्या पाकपुस्तकांत कांदा ‘चिरावा’ व फोडणीस ‘टाकावा’ असाच विध्यर्थ असे. स्पॅनिश सभ्य आज्ञा ही या विध्यर्थाची सख्खी नसली तरी मावसबहीण खास आहे.

दुसरा दोष याहून मोठा. पाकक्रिया आणि उस्तेदची आज्ञा यांची गांठ जन्मजात आहे, असा समज हे पाठ करून देतात. तो खरा नाहीं. नेब्रिहाचें कास्तिलियन भाषेचें व्याकरण १४९२ त प्रसिद्ध झालें, तेव्हां त्या भाषेंत ना ‘तोमाते’ हा शब्द होता, ना ‘उस्तेद’. तिसऱ्या फिलिप राजाचा मुदपाकी मार्तीनेथ मोंतिन्यो यानें १६११ त आपला पाकग्रंथ छापला. तो वाचकास ‘तूं’ म्हणूनच बोलतो, आणि तेंही भविष्यकाळीं: तूं अमुक घेशील, तूं तमुक चिरशील. सिमोन ओर्तेगा यांचा १९७२ सालचा एक हजार ऐंशी पाककृतींचा संग्रह स्पेनांत घरोघर गेला; त्यांत बहुधा कोणासच आज्ञा नाहीं. तेल तापत ठेवतात, कांदा परततात, अशी ती कर्ता लपविणारी रचना आहे. आजकालच्या पाकिटांवर तर नुसतें ‘पाणी घालणें’ एवढेंच असतें. सारांश, जी रूपें विद्यार्थ्याच्या दृष्टीस खरोखर पडणार आहेत त्यांपैकीं एकच उचलून पाठ तीस सर्वस्व ठरवितो.

तिसरा दोष शब्दांच्या यादीचा. यादींत प्रत्येक शब्दासमोर एकच अर्थ असतो. ‘तोर्तिया’ म्हणजे काय? मेक्सिकोंत ती मक्याची पातळ भाकरी. स्पेनांत अंडीं व बटाटे यांची जाड पोळी. ‘तोर्तिया उलटा’ अशी आज्ञा झाली, तर मेक्सिकोंतली बाई ती तव्यावर बोटांनीं परतते; स्पेनांतली बाई कढल्यावर ताटली झांकून सबंध कढलेंच पालथें करते. आज्ञा एक, पण हातांची क्रिया निराळी. तसेंच ‘कोथेर’ म्हणजे शिजविणें. अमेरिकेंत हा उच्चार ‘कोसेर’ होतो, आणि शिवणें या अर्थाचा धातुही तेथें ‘कोसेर’च. दोघांचा निवाडा आज्ञार्थांत होतो: ‘क्वेसा’ म्हणजे शिजवा, ‘कोसा’ म्हणजे शिवा. यादी आणि तक्ता हीं वेगळालीं शिकविल्यानें अशा जागा निसटून जातात. मग संस्कृत ‘नारंग’ फारसी व अरबी यांच्या हातून स्पेनांत ‘नारांखा’ होऊन बसलें, आणि ‘शर्करा’ त्याच वाटेनें ‘आथूकार’ झाली, हें त्या यादींत कोण सांगणार?

परंतु आमचा मुख्य आक्षेप याही पलीकडचा आहे. पाकक्रियेंतील आज्ञेस समोर माणूस नसतो. कांदा चिरा, असें पुस्तक कोणास म्हणतें? कोणासच नाहीं. आणि अदब ही तर दोन माणसांमधील वस्तु. माद्रिदच्या मंडईंत गिऱ्हाईक ‘पोंगामे उन कीलो दे तोमातेस’, म्हणजे शब्दशः ‘मला किलोभर टोमॅटो घाला’, असें सरळ म्हणतें, व तें उद्धटपणाचें ठरत नाहीं. त्याहून नरम बोलावयाचें तर आज्ञार्थ सोडून ‘मे पोने’ असा साधा प्रश्न करतात. स्पेनांत ‘तू’ फार पसरलें आहे. उलट बोगोट्याकडे घरच्या माणसांसही ‘उस्तेद’ म्हणण्याचा प्रघात आहे. यांतील काय कोठें शोभतें, हें तक्ता सांगूं शकत नाहीं.

नुसत्या आदरार्थी रूपांचें मोल किती, हें सर्व्हांतिसानें १६१५ सालच्या ‘दोन किखोते’च्या उत्तरार्धांत कायमचें दाखवून ठेविलें आहे. सांचो पांझा बेटाचा सुभेदार होऊन पंक्तीस बसतो. सारे त्यास अदबीनें बोलतात. आणि वैद्यबोवा हातांतील छडी ताटास लावतात न लावतात तोंच तें ताट समोरून उचललें जातें. सर्वनामांत मान आहे, पान मात्र रिकामें!

हा प्रश्न आमच्या घरांपासून दूर नाहीं. कामाची बाई वयानें वडील असली तरी तिला ‘आण’ व ‘कर’ म्हणावयाचें, आणि तिनें मात्र ‘आणतें, बाईसाहेब’ म्हणावयाचें, ही चाल कित्येक सुशिक्षित कुटुंबांत अद्याप अंगवळणीं आहे. स्पॅनिश दुकानांत वयाचें अंतर सोडलें तर व्यवहार बहुधा दुतर्फी असतो. उस्तेद म्हटलें तर उस्तेद, तू म्हटलें तर तू. ज्या मुलीनें परीक्षेपुरतीं ‘कोर्ते’ व ‘बाता’ हीं रूपें बिनचूक पाठ केलीं, पण तीं कोणास म्हणावयाचीं याचा कधीं विचार केला नाहीं, ती परदेशीं वाढप्यास व्याकरणशुद्ध स्पॅनिशमध्यें दुखवील, आणि आपलें काय चुकलें हें तिला कोणी सांगणारही नाहीं.

म्हणून आमची सूचना एवढीच. पाकक्रियेचा पाठ काढून टाकूं नये. त्यांत एक माणूस आणावा. सासू सुनेस सांगत आहे, आचारी हाताखालच्या पोरास सांगत आहे, यजमानीण पाहुण्यास आग्रह करीत आहे, असे तीन प्रसंग एकाच तोर्तियावर रचावे, आणि प्रत्येक वेळीं क्रियापद कां बदललें हें विद्यार्थ्यास विचारावें. शब्द तेच राहतील, नियमही तेच राहतील. परंतु आज्ञा करण्यापूर्वीं समोरच्याकडे पाहण्याची संवय लागेल, आणि ती मराठी बोलतांनाही उपयोगी पडेल.