डाकीण : एक शिवी आणि तिचे दावेदार

मराठी साहित्यव्यवहारात चेटकिणीला जागा आहे, डाकिणीला नाही. शब्दकोशात हे दोन्ही शब्द शेजारी बसतील, पण त्यांचे पत्ते वेगळे आहेत. चेटकीण राहते शहरातल्या नाट्यगृहात. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'मधली दिलीप प्रभावळकरांची चेटकीण एका पिढीला आठवते. २०१८ पासून वैभव मांगले यांनी ती पुन्हा उभी केली आणि मुलांनी नाट्यगृहे भरली. दोन्ही वेळा ती पुरुष नटाने रंगवली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. डाकीण राहते सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, आणि ती रंगवावी लागत नाही. आजारी मूल दगावते, म्हैस दूध देईनाशी होते, भगत धान्याचे दाणे टाकून नाव सांगतो आणि काल सकाळपर्यंत जी कुणाची काकी होती ती आज डाकीण होते. खाली आमच्या एरंडोल-धरणगावकडे, अहिराणी बोलणाऱ्या घरांत, हाच शब्द भांडणात सहज तोंडी येतो. इथे तो शिवी आहे. वर डोंगरात तो निकाल आहे.

आता या दोघींत तिसरी आली आहे. मुंबई-पुण्याच्या सुशिक्षित घरांतल्या काही तरुणी स्वतःला अभिमानाने 'विच' म्हणवून घेतात. पौर्णिमेला मेणबत्त्या लावतात, वनस्पती आणि खडे जमवतात, टॅरोची पाने मांडतात, चंद्राच्या कलांप्रमाणे विधी करतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, पुरुषसत्तेने स्वतंत्र बाईला चेटकीण ठरवून जाळले. तेव्हा ते नाव आम्ही परत घेतो, शिवीचा झेंडा करतो. हा युक्तिवाद आमच्या वाचकाला ओळखीचा वाटेल. आपणही एका शब्दाचा झेंडा केला आहे. म्हणूनच या दाव्याची थट्टा करून भागणार नाही. त्याची परीक्षा करणे हे आपलेच काम आहे.

प्रथम या दाव्याचा इतिहास पाहू. इंग्लंडमधला १७३५ चा चेटूकविषयक कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली जेराल्ड गार्डनर या निवृत्त वसाहती अधिकाऱ्याने आधुनिक चेटूकधर्माची मांडणी करणारे पुस्तक छापले. त्याला प्रस्तावना होती मार्गारेट मरे या विदुषीची. युरोपात ज्यांना चेटकिणी म्हणून मारले त्या एका प्राचीन, ख्रिस्तपूर्व धर्माच्या उपासक होत्या, असा सिद्धान्त तिने १९२१ साली मांडला होता. हा सिद्धान्त पुढच्या इतिहासकारांनी टिकू दिला नाही. नव्वद लाख बायका जाळल्या हा आकडाही टिकला नाही. आज अभ्यासक चाळीस ते साठ हजार माणसांना देहदंड झाला असे मानतात, आणि त्यांत पुरुषही होते. आकडा कमी झाला म्हणून क्रौर्य कमी होत नाही. परंतु मरेबाईंची चूक कुठे झाली हे आपण नीट पाहिले पाहिजे, कारण तो सापळा आपल्याही वाटेवर आहे. तिने खटल्यांचे कागद वाचले आणि छळ करून वदवून घेतलेल्या कबुल्यांना त्या बायकांचे आत्मकथन मानले. आरोप करणाऱ्याच्या दप्तरात आरोपीचा धर्म शोधला. मनुस्मृती वाचून चांडाळाचे चरित्र लिहावे, तसाच हा प्रकार!

हा सापळा आपल्या वाटेवर आहे असे म्हणतो, त्याला कारण आहे. धुळ्याच्या कॉम्रेड शरद पाटलांनी 'दास-शूद्रांची गुलामगिरी' या १९८२ च्या ग्रंथात वैदिकांनी अशुभ ठरवलेल्या निर्ऋतीच्या मागे मातृसत्ताक गणाची सत्ताधीश स्त्री पाहिली. त्याआधी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी'त राक्षसांना रक्षक म्हणून वाचले. एरंडोलात राहणाऱ्याला हे वाचन पुस्तकी वाटत नाही. आमचे गाव म्हणजे महाभारतातली एकचक्रानगरी, जवळच्या पद्मालयाच्या रानात भीमाने बकासुराला मारले, असे इथे सांगतात. बकासुराची बाजू कुणी सांगत नाही. फुल्यांनी ती बाजू विचारायला शिकवले, शरद पाटलांनी त्या प्रश्नाला पद्धत दिली. खानदेशावर हे ऋण मोठे आहे. पण याच धाग्याने पुढे जाऊन कुणी उत्साहाच्या भरात म्हणेल की, डाकीण ही निर्ऋतीची लेक आहे, तेव्हा तिने अभिमानाने तसे म्हणवून घ्यावे. इथे थांबले पाहिजे. ग्रंथातली निर्ऋती ही सत्ताधीश होती. पाड्यावरच्या विधवेकडे सत्ता नव्हती. असलाच तर नवऱ्यामागे राहिलेला जमिनीचा एक तुकडा होता, आणि पुष्कळदा त्या तुकड्यावरच दिराचा-पुतण्याचा डोळा होता. तिला राणीची वंशज म्हटल्याने तो तुकडा वाचत नाही.

मूळ मुद्दा शब्दाच्या घडणीचा आहे. 'दलित' या शब्दात जे सांगितले आहे ते आमच्यावर झालेले कृत्य आहे. दळणारा दुसरा आहे, तो शब्दातच हजर आहे. म्हणून तो शब्द उचलला की बोट आपोआप व्यवस्थेकडे जाते. 'डाकीण' या शब्दात जे सांगितले आहे ते तिने केलेले कृत्य आहे, म्हणजे तिने न केलेले कृत्य. तिने मूल खाल्ले, तिने दूध आटवले. हे नाव स्वीकारणे म्हणजे न केलेल्या गुन्ह्याची कबुली देणे. दलिताने आपले नाव घेतले तर तो फिर्यादी होतो. डाकिणीने आपले नाव घेतले तर ती आरोपीच राहते, आणि भगताचे काम सोपे होते. दोन्ही शब्द खालच्या माणसांवर लादलेले, एवढ्या साम्यावरून दोघांचा रस्ता एक मानणे हा विचारातला आळस आहे.

मग शहरातली तरुणी हा शब्द का मिरवू शकते? कारण तिच्या सोसायटीत त्या शब्दासाठी कुणी मरत नाही. युरोपातही हे नाव अंगावर घेणे शक्य झाले ते शिकारी थांबून दोन शतके उलटल्यावर, कायदा मोडीत निघाल्यावर. जिथे शिकार चालू आहे तिथे सशाचे कातडे पांघरून कुणी मिरवत नाही. आपल्याकडे कोलकात्याच्या इप्सिता रॉय चक्रवर्ती यांनी जाहीरपणे स्वतःला 'विच' म्हणवले, पुस्तके लिहिली, १९९८ साली हुगळीतून लोकसभेची निवडणूकही लढवली. खेड्यांत डायन ठरवलेल्या बायकांच्या बाजूने त्या बोलल्या, हे नोंदवलेच पाहिजे. पण त्यांच्या पाठीशी घराणे होते, परदेशातले शिक्षण होते. त्यांच्या शेजारी झारखंडच्या छुटनी महातो यांना उभे करा. १९९५ साली गावाने त्यांना डायन ठरवले, मारले, विटंबना केली, घर सोडायला लावले. पुढे त्यांनी आपल्यासारख्याच बायकांना सोडवण्यात आयुष्य घातले, आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आसामच्या बिरुबाला राभा यांनाही त्याच वर्षी. या दोघींचे सारे काम ते नाव पुसण्याचे. अनुभवाने हे त्यांना कळले होते, सिद्धान्ताची गरज पडली नाही.

असे असले तरी शहरी 'विच'चा नकार सगळाच खोटा आहे असे मी म्हणणार नाही. देवघरात पुरुष पुरोहिताशिवाय पान हलत नाही, पाळीच्या दिवसांत बाईने शिवायचे नाही, अशा घरातून बाहेर पडून स्वतःचा विधी स्वतः करणारी मुलगी काहीतरी नाकारते आहे. पण तिच्या नकाराला शेजार नाही. ती लंडनच्या जळालेल्या बाईला बहीण म्हणते (इंग्लंडात बहुतेक जणींना फाशी देत, जाळत नसत, हे सोडा) आणि मेळघाटच्या बाईला ओळखत नाही. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस चिखलदरा तालुक्यातल्या रेट्याखेड्यात सत्त्याहत्तर वर्षांच्या आदिवासी म्हातारीला जादूटोण्याच्या संशयावरून मारहाण करून तिची विटंबना केली. हे गाव पुण्याहून लंडनपेक्षा पुष्कळ जवळ आहे.

आता साहित्याकडे वळू. डाकिणीची गोष्ट कुठून पाहिली जाते, हा माझ्या मते कसोटीचा प्रश्न आहे. मराठी भयकथेने ती सामान्यतः आरोप करणाऱ्याच्या अंगणातून पाहिली. नारायण धारपांची कथा कारागिरीत तोकडी नाही. पण वाईट शक्ती खरी आहे आणि तिला नमवायला ज्ञानी, साधना केलेला पुरुष हवा, ही तिची मांडणी भगताच्याच मांडणीची सुशिक्षित आवृत्ती आहे. बालनाट्याने ती प्रेक्षकाच्या खुर्चीतून पाहिली आणि हसवले. शापित बाईच्या डोळ्यांतून पाहायचे असेल तर आपल्याला बंगालीकडे, महाश्वेतादेवींच्या 'बायेन' या कथेकडे जावे लागते.

ही कथा आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याने वाचावी. चंडीदासी डोम आहे. मेलेली लहान मुले पुरणे हे तिच्या घराण्याचे काम, वंशपरंपरेने आलेले. तिला स्वतःचे मूल होते, अंगावर दूध येते, आणि पुरलेल्या मुलांना कोल्ह्यांनी उकरू नये म्हणून ती रात्री राखण करते. गाव तिला त्या जागी पाहते आणि ठरवते. म्हणजे जातीने जे काम तिच्यावर लादले तोच तिच्याविरुद्धचा पुरावा होतो! घाण उपसायला लावून घाणेरडे म्हणायचे, ही रीत आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पण कथेचे खरे धारिष्ट पुढे आहे. तिला बायेन म्हणून जाहीर करणारा ढोल वाजवतो तो तिचाच नवरा, मलिंदर. आणि हा मलिंदर आपल्या वस्तीत सही करता येणारा, सरकारी नोकरी मिळवलेला माणूस आहे. महाश्वेतादेवींनी त्याला खलपुरुष केले नाही. तो तिच्यावर प्रेम करणारा, भ्यालेला माणूस आहे. अक्षर आले म्हणजे भीती गेली असे समजणाऱ्या आमच्यासारख्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांना ही कथा बसल्या जागी अस्वस्थ करते, आणि तिने करावे.

आपल्या साहित्यात या कथेच्या जवळ जाणारे लेखन बेबी कांबळे यांचे. 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये महारवाड्यातला आषाढ येतो, बायांच्या अंगात देव येतात. बेबीताई त्या अज्ञानाला क्षमा करत नाहीत. बाबासाहेबांच्या विचाराने त्या बोलतात. तरीही वर्षभर तोंड दाबून राहिलेली, उपाशी सून अंगात आल्यावर काही काळ सगळ्यांना पाया पडायला लावते, हे त्यांनी पाहिले आणि लपवले नाही. अंगात येणे आणि डाकीण ठरणे ही एकाच दडपणाची दोन टोके आहेत. एकात तिला उसना आवाज मिळतो, दुसऱ्यात असलेला आवाजही काढून घेतला जातो. निव्वळ 'अंधश्रद्धा' असा शिक्का मारून बाजूला होणाऱ्या आमच्या व्याख्यानांना हा फरक दिसत नाही. इतिहासकार अजय स्कारिया यांनी १९९७ साली डांग आणि भोवतालच्या भिल्ल मुलखातल्या अशा प्रकरणांवर लिहिले आहे. एकोणिसाव्या शतकात डांगवरची देखरेख खानदेशातूनच होई. झाडाला उलटे टांगून झोके देणे, डोळ्यांत मिरची घालणे, हे त्या कागदांत आहे. बाई स्वतः काय म्हणाली, ते मात्र त्या कागदांतून क्वचितच ऐकू येते.

कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला तेव्हा कुठे तो आला. कुणी करणी करते, जनावराचे दूध आटवते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा त्यात गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षे कैद आहे. पण २१ ऑगस्ट २०२१ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द गावी, भानामतीच्या संशयावरून सात दलितांना भर चौकात बांधून मारले, त्यात म्हाताऱ्या बायका होत्या. तेव्हा कायद्याला आठ वर्षे झाली होती. हा प्रश्न डोंगरातला, आदिवासींचा, आपला नव्हे, असे समजणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी.

शहाद्याच्या श्रमिक संघटनेच्या लढ्यातून आलेले कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' ही कविता आमच्या सभांतून पुष्कळदा वाचली जाते. व्यासपीठावर बसून दुसऱ्याचे दुःख त्यालाच सांगणाऱ्यांविषयी ती आहे. टाळ्या पडतात आणि वक्ता पुन्हा व्यासपीठावरूनच बोलू लागतो. डाकीण ठरवली गेलेली एकही बाई त्या व्यासपीठावर मी अजून पाहिलेली नाही. माझ्या वर्गात सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारी मुले-मुली आहेत. भयकथा शिकवताना ती इतरांबरोबर हसतात. 'तुमच्याकडे हे घडते का?' असे विचारले की वहीत पाहू लागतात. त्यांतल्या एकीने यंदा निबंधाच्या वहीत आपल्या आत्याविषयी दीड पान लिहिले आणि वर्गात वाचू नका, असे वर पेन्सिलीने लिहून ठेवले. मी ते वाचले नाही. ते छापायचे की नाही, हे ती ठरवील.